पनामाचा कालवा आणि आमचं दोन दिवसांचं ट्रेनिंग

गेल्या महिन्यात कंपनीने आम्हा मॅनेजर मंडळींना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. हॉटेल चांगलं होतं, जेवण त्याहून चांगलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. पहिल्याच सकाळी ट्रेनरबाईंनी पडद्यावर हॉवर्ड गार्डनरची यादी टाकली. गार्डनर हा हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ. बुद्धी ही एकच एक गोष्ट नाही, तिचे वेगवेगळे प्रकार असतात, असं त्याने १९८३ साली मांडलं. त्याची मूळ यादी सातांची : भाषेची बुद्धी, तर्काची आणि गणिताची, नकाशा-आकृत्यांची, संगीताची, शरीराची, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. (बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना हे पटत नाही, पुरावा तोकडा आहे म्हणतात. ट्रेनिंगवाल्यांना मात्र ही यादी भयंकर आवडते.)

मग बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रोजेक्ट मॅनेजरला सगळ्यात जास्त लागते ती एकच बुद्धी लिहा. आम्ही एकवीस जण होतो. सतरा चिठ्ठ्या 'दुसऱ्याला ओळखण्याची' निघाल्या, चार 'तर्काची'. बाकी सगळ्यांना भोपळा. मी सतरांतला. बाई खूष झाल्या, कारण पुढची चाळीस स्लाइड्स त्याच विषयावर होत्या :)

योगायोग असा की त्याच दिवसांत मी रात्री झोपताना पनामा कालव्याचा इतिहास वाचत होतो. आणि वाचता वाचता माझ्या चिठ्ठीवरचं उत्तर मलाच पटेनासं झालं. तेच डोंगर, तीच नदी, तेच डास आणि तोच पाऊस. १८८१ ते १९१४ या तेहतीस वर्षांत एकाच प्रोजेक्टवर एकामागून एक वेगवेगळ्या स्वभावाचे प्रमुख येऊन गेले. परिस्थिती तीच ठेवून मॅनेजर तेवढा बदलायचा, असा प्रयोग आपल्या धंद्यात कोणी करून देत नाही. पनामात तो आपोआप झाला. फक्त त्याची किंमत हजारो माणसांनी जीव देऊन मोजली.

सुरुवात फर्डिनांड द लेसेप्सपासून करावी लागते. हा माणूस इंजिनिअर नव्हता. फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यातला मुत्सद्दी. पण सुएझचा कालवा त्याने पूर्ण करून दाखवला, १८६९ साली. इंजिनिअर नाही म्हणता म्हणता सुलतान, सम्राट, सावकार आणि सामान्य माणूस अशा सगळ्यांना त्याने पटवलं. आमच्या चिठ्ठीवरच्या बुद्धीला जर चेहरा द्यायचा असेल तर तो लेसेप्सचाच द्यावा लागेल. समोरच्याला काय ऐकायचंय हे त्याला बरोबर कळायचं.

१८७९ च्या मे महिन्यात पॅरिसला परिषद भरली. कालवा कुठे आणि कसा खणायचा हे ठरवायला. लेसेप्सचं आधीच ठरलं होतं : सुएझसारखाच, समुद्रसपाटीचा, सरळ आरपार चर. सुएझ म्हणजे सपाट वाळवंट. पनामात मधोमध डोंगर, कोकणासारखा धो धो पाऊस, आणि बघता बघता कित्येक मीटर चढणारी चाग्रेस नावाची नदी. परिषदेत गोदँ द लेपिने नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर उठला. तो म्हणाला, डोंगर समुद्रापर्यंत खाली आणू नका, पाणीच वर चढवा. नद्यांना धरणं घाला, मध्ये उंचावर तलाव करा, आणि जहाजं दोन्ही बाजूंनी लॉक्सने, म्हणजे पाण्याच्या पायऱ्यांनी, वर-खाली करा. जी नदी शत्रू वाटतेय तीच कामाला लावा.

आज पनामा कालवा जसा आहे तो जवळजवळ असाच आहे. पण त्या दिवशी लेपिनेला कोणी विचारलं नाही. मतदान झालं, ७४ विरुद्ध ८. लेसेप्स जिंकला.

त्यानंतरचं वाचताना मला आपल्या धंद्याची फार आठवण झाली. १८८० च्या सुरुवातीला तांत्रिक समितीने खर्चाचा अंदाज दिला, ८४ कोटी ३० लाख फ्रँक. लेसेप्सने परतीच्या बोटीवर बसून तो ६५ कोटी ८६ लाखांवर आणला. (बोटीवर. एक्सेल नसतानाही.) आणि उद्घाटनाचा किस्सा तर ऐकाच. १ जानेवारी १८८० ला पॅसिफिकच्या बाजूला पहिली कुदळ मारायचा समारंभ होता. पाहुण्यांची बोट उशिरा निघाली, भरतीची वेळ टळली, किनाऱ्याला लागता येईना. मग लेसेप्सने बोटीवरच, वाळूने भरलेल्या शॅम्पेनच्या खोक्यावर, आपल्या लहान मुलीच्या हातून कुदळ मारून घेतली. टाळ्या! काम सुरू! तो पनामात उतरला तोही बरोबर कोरड्या मोसमात. बायकामुलांना बरोबर घेऊन, हवा किती छान आहे ते दाखवायला.

खरं खणायला लागल्यावर पाऊस आला, दरडी आल्या आणि पीतज्वर आला. झ्यूल डँगलेर नावाचा मुख्य अधिकारी कुटुंबासह तिथे राहायला गेला. त्याची मुलगी गेली, मग मुलगा, मग मुलीचा नियोजित नवरा, आणि वर्षभराने बायको. फ्रेंचांनी आंकोनच्या टेकडीवर सुरेख हॉस्पिटल बांधलं होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. आपल्याकडे आजीच्या स्वयंपाकघरात जाळीच्या कपाटाचे पाय ठेवलेले असायचे ना, अगदी तसे. त्या वाट्यांत डास वाढायचे आणि त्याच वॉर्डातल्या पुढच्या माणसाला चावायचे. पीतज्वर डासांमुळे होतो हे क्युबातला डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होता, पण मानायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा डासांचं खापर लेसेप्सवर फोडणं अन्याय होईल.

पण बाकीचं खापर त्याचंच. कुलेब्राचा डोंगर वर जितका खणावा तितका बाजूने खाली येत होता. तिथल्या इंजिनिअरांना हे दिसत होतं. पॅरिसमध्ये मात्र लेसेप्स नवे शेअर विकत गावोगाव भाषणं देत होता, आणि सगळं वेळेत होणार असं सांगत होता. समुद्रसपाटीचा हट्ट सोडून, तात्पुरती का होईना, लॉक्स बांधू असं त्याने मान्य केलं ते १८८७ च्या अखेरीस. तोवर पैसे संपले होते. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. सुमारे १४० कोटी फ्रँक गेले. लाखो सामान्य फ्रेंच माणसांची आयुष्यभराची पुंजी त्यात होती. किती कामगार मेले याचा अंदाज वीस हजारांच्या घरात जातो. १८९३ साली लेसेप्सला पाच वर्षांची शिक्षा झाली. वयामुळे तो तुरुंगात गेला नाही. पुढच्या वर्षी वारला.

माझ्या मते लेसेप्स लबाड नव्हता, आणि तेच जास्त भीतिदायक आहे. दुसऱ्यांना पटवण्यात तो इतका तरबेज होता की त्याने स्वतःलाही पटवून टाकलं. दुसऱ्याच्या मनात शिरायची ताकद भरपूर आणि स्वतःच्या मनात डोकावायची सवय शून्य, असा माणूस अख्ख्या देशाला घेऊन बुडू शकतो.

असो. १९०४ मध्ये अमेरिकेने काम हातात घेतलं. पहिला चीफ इंजिनिअर जॉन वॉलेस. हुशार रेल्वे इंजिनिअर. पण त्याच्या डोक्यावर वॉशिंग्टनमध्ये बसलेलं सात जणांचं कमिशन. तासाभरासाठी हातगाडी भाड्याने घ्यायची तर सहा व्हाउचरं. दहा फुटांहून लांब फळी कापायची तर सुताराला सहीची परवानगी. वर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना आणि पुढाऱ्यांना रोज माती उडताना दिसली पाहिजे. म्हणून वॉलेसने फ्रेंचांची गंजकी यंत्रं घेऊन खणायला सुरुवात केली. माती काढली, पण टाकायची कुठे आणि न्यायची कशी याची व्यवस्थाच नाही. कोडिंग सुरू झालं, डिझाइन नंतर बघू! १९०५ च्या उन्हाळ्यापर्यंत पीतज्वराची अशी दहशत बसली की अमेरिकन लोक मिळेल त्या बोटीने पळायला लागले. जूनमध्ये वॉलेसनेही राजीनामा दिला. एक वर्ष, खेळ खलास.

त्याच्या जागी आला जॉन स्टीव्हन्स. हा मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात आवडता माणूस. कॉलेजची डिग्री नाही, रेल्वेचे मार्ग शोधत जंगलं तुडवलेली, १८८९ च्या डिसेंबरात बर्फातून चालत जाऊन रॉकी पर्वतातली मारायस खिंड हुडकून काढलेली. २६ जुलै १९०५ ला पनामात उतरला. काही दिवस नुसता चिखलातून फिरला, सिगार ओढत. लोकांशी बोलला. आणि १ ऑगस्टला त्याने कुलेब्राचं खणकाम थांबवायचा हुकूम दिला.

जरा विचार करा. अध्यक्ष रूझवेल्टला माती उडताना हवीय. देश बघतोय. मागच्या माणसाने राजीनामा दिलाय. आणि तुम्ही नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात म्हणता, काम बंद! तुमच्याआमच्यापैकी किती जणांची छाती होईल?

स्टीव्हन्सला दोन गोष्टी कळल्या होत्या. पहिली, हा खणायचा प्रोजेक्ट नव्हेच, हा वाहतुकीचा प्रोजेक्ट आहे. खणणं सोपं आहे, खणलेली माती हलवणं अवघड. पनामाच्या या पट्टीवर १८५५ पासून रेल्वे होती. फ्रेंचांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. स्टीव्हन्सने ती उखडून जड रूळ घातले, दुहेरी केली, आणि डोंगराच्या पोटात वेगवेगळ्या पातळ्यांवर रूळ टाकायची योजना आखली. भरलेल्या गाड्या उतारावर जातील आणि रिकाम्या चढावर येतील अशी. कालवा म्हणजे एक भलीमोठी मालगाडी, एवढाच त्याचा हिशेब.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे विल्यम गोर्गस नावाचा लष्करी डॉक्टर वर्षभर डोकं आपटत होता. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे १९०० साली क्युबात सिद्ध झालं होतं आणि गोर्गसने हवाना शहर त्या जोरावर साफ केलं होतं. मलेरियाचं कोडं तर त्याआधी आपल्या सिकंदराबादेत सुटायला लागलं होतं, रोनाल्ड रॉसच्या सूक्ष्मदर्शकाखाली, १८९७ मध्ये. तरी कमिशनचा प्रमुख डासांची गोष्ट खुळचटपणाच समजत होता, आणि गोर्गसला साध्या जाळ्या मिळत नव्हत्या.

आता गंमत बघा. खुद्द स्टीव्हन्सचाही या डासांच्या सिद्धांतावर फारसा विश्वास नव्हता. त्याने पुढे तसं कबूल केलं. तरीही त्याने गोर्गसला हवी तेवढी माणसं, हवं तेवढं सामान दिलं. कारण त्याला एक नक्की माहीत होतं : यातलं मला कळत नाही, याला कळतं. घरोघर गंधकाची धुरी, साचलेल्या पाण्यावर तेल, खिडक्यांना तांब्याच्या जाळ्या, नळाचं पाणी. ११ नोव्हेंबर १९०५ ला पनामा शहरात पीतज्वराचा शेवटचा रुग्ण सापडला. चार महिन्यांपेक्षा कमी वेळ.

आणि तिसरंही आहे. आला तेव्हा समुद्रसपाटीच्या कालव्याला त्याचा विरोध नव्हता. एका पावसाळ्यात चाग्रेसला पूर आलेला बघितला आणि त्याने मत बदललं. नुसतं बदललं नाही, वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरांना समजावलं. तज्ज्ञांच्या समितीने ८ विरुद्ध ५ मतांनी समुद्रसपाटीच्या बाजूने कौल दिलेला असताना, जून १९०६ मध्ये सिनेटने ३६ विरुद्ध ३१ मतांनी लॉक्सचा कालवा मंजूर केला. लेपिनेचा विचार सत्तावीस वर्षांनी जागेवर आला.

१९०७ च्या सुरुवातीला स्टीव्हन्सने अचानक राजीनामा दिला. का, ते त्याने कधीच नीट सांगितलं नाही. मग रूझवेल्टने राजीनामा देऊच शकणार नाही असा माणूस निवडला, लष्करातला इंजिनिअर जॉर्ज गोथल्स. स्टीव्हन्सची रेल्वे तयार होती. गोथल्सचा अनुभव लॉक्सचा आणि धरणांचा. स्वभावाने तुसडा, मित्र कमी. आमच्या ट्रेनिंगमध्ये तो नापास झाला असता.

पण या तुसड्या माणसाने एक गोष्ट केली. दर रविवारी सकाळी तो ऑफिसचं दार उघडून बसायचा. कोणीही यावं, कुठल्याही हुद्द्याचं, कुठल्याही रंगाचं, आणि तक्रार थेट त्याला सांगावी. मुकादम शिव्या देतो, नवरा दारू पितो, मटण वाईट मिळतं, पगार चुकीचा कापला. दुपारपर्यंत हेच. यात दया होती असं मला वाटत नाही. आपल्या प्रोजेक्टवर काय चाललंय ते खालून, मधली गाळणी न लागता कळावं, याची ती सोय होती. सप्टेंबर १९०७ पासून साप्ताहिक निघालं त्यात कुठल्या यंत्राने किती माती काढली ते उघड छापून यायचं. म्हणजे आकडा वर जाताना कोणाला बोटीवर बसून तो बदलता येणार नाही.

दरडी शेवटपर्यंत कोसळत राहिल्या. महिन्यांचं काम एका रात्रीत गाडलं जायचं. गोथल्सचं उत्तर ठरलेलं : पुन्हा खणा. १५ ऑगस्ट १९१४ ला आंकोन नावाचं जहाज कालव्यातून पार गेलं. १९०७ च्या अंदाजापेक्षा खर्च कमी आणि तारखेच्या आधी. आणि गोथल्सने कालव्याच्या यशाचं मोठं श्रेय स्टीव्हन्सला दिलं. स्वतःच्या आधीच्या मॅनेजरबद्दल चांगलं बोलणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय?

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, म्हणून पुढचं सांगतो. अमेरिकन काळात अधिकृत आकड्यांनुसार ५,६०९ माणसं मेली. त्यांतली सुमारे साडेचार हजार कृष्णवर्णीय होती, बार्बाडोससारख्या बेटांवरून आणलेली. कालवा मुख्यतः त्यांनीच खणला, तासाला दहा सेंटवर. हजेरीपट दोन होते, 'सोन्याचा' आणि 'चांदीचा'. गोऱ्या अमेरिकनांना सोन्यात पगार, जाळ्या लावलेली घरं. चांदीवाल्यांना बिनजाळीच्या बराकी, पोस्टाची खिडकीसुद्धा वेगळी. गोऱ्यांना पळवून लावणारा पीतज्वर चार महिन्यांत संपला. चांदीवाल्यांना ओल्या कपड्यांत झोपून होणारा न्यूमोनिया मात्र पुढेही मारत राहिला. रविवारचं दार त्यांनाही उघडं होतं, पण दोन हजेरीपट का, हा प्रश्न त्या दारातून आत जाऊ शकत नव्हता. व्यवस्था चालवणारा जे ऐकायला तयार असतो तेवढंच त्याला ऐकू येतं, गोथल्सलासुद्धा.

आता माझं. काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर आमच्या टीममधल्या टेस्टर मुलीने मला तीनदा सांगितलं होतं, सर, महिनाअखेरच्या डेटावर हे टिकणार नाही. मी तिच्यावर ओरडलो नाही हो. उलट कॉफी प्यायला घेऊन गेलो. तिचं म्हणणं नीट ऐकलं, तिची काळजी मला कळते असं म्हटलं, टीमच्या मूडबद्दल बोललो, पुढच्या बढतीबद्दल बोललो. ती हसत परत गेली आणि मी क्लाएंटला 'ऑल ग्रीन' कळवलं. तीस तारखेला रात्री दीड वाजता सिस्टिम बसली. एका कारखान्याच्या लोकांचे पगार पाच दिवस उशिरा झाले, आणि ते दिवस दिवाळीच्या आधीचे होते. ती मुलगी पुढच्या तिमाहीत नोकरी सोडून गेली. जाताना मला काही बोलली नाही. त्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलमध्ये एक ओळ होती : माणसं हाताळण्याचं कौशल्य, उत्तम.

बोटीवर बसून ८४ चे ६५ करणारा म्हातारा वाचताना मला ही ओळ आठवली.

ट्रेनिंगमधली माझी चिठ्ठी चुकलीच, असं नाही म्हणणार. माणसं कळायला हवीत, तर्क हवा, नकाशा वाचता यायला हवा. स्टीव्हन्सचा डोंगरातला रूळ ही नकाशाच्या बुद्धीचीच करामत. प्रोजेक्टच्या टप्प्यागणिक वेगळी बुद्धी लागते, म्हणून तर स्टीव्हन्सनंतर गोथल्स लागला. पण या सगळ्या बुद्धी कुठल्या दिशेने धावतील ते शेवटची, सातवी ठरवते. मला काय कळत नाही? हे मला खरं वाटतंय म्हणून मी म्हणतोय, की मला ते खरं हवंय म्हणून? ही बुद्धी नसेल तर माणसं ओळखण्याची ताकद वाईट बातमी ऐकण्यासाठी वापरली जात नाही. ती बातमी आणणाऱ्याला गप्प करण्यासाठी वापरली जाते. कॉफी पाजून.

एकवीस चिठ्ठ्यांत तिला एकही मत नव्हतं.

सध्या मी दर शुक्रवारी अर्धा तास रिकामा ठेवतो. टीमपैकी कोणीही यावं आणि काय बिघडलंय ते सांगावं. नियम एकच, त्या अर्ध्या तासात मी समजावायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. पहिले दोन शुक्रवार कोणी फिरकलं नाही. परवा एक जण आला. दार ढकलण्याआधी बाहेर जरा घुटमळत होता.

त्याने सांगितलेली बातमी वाईट आहे. उद्या सोमवार, क्लाएंटला तशीच कळवायची आहे.